डावं मागचं चाक

मंगळवार, ४ मार्च

काल संध्याकाळी आमची गाडी आपल्या आपण उतारावरून खाली गेली आणि शेजारच्या बाईंच्या फाटकात घुसली. 'आपल्या आपण' हे बायकोचे शब्द. गाडी आपल्या आपण काहीही करत नाही. माणूस हँडब्रेक न ओढता उतरतो आणि मग गाडी जाते.

एकोणीस वर्षं मी विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासतोय. दर तिसऱ्या अर्जात हे वाक्य असतं : 'हँडब्रेक ओढला होता, तरी गाडी सरकली.' मी त्याखाली लाल रेघ मारतो. आता तेच वाक्य घरात, माझ्याच स्वयंपाकघरात ऐकायचं.

"ओढला होता," ती म्हणाली. "आवाजसुद्धा ऐकला मी. चार वेळा कट्‌ झालं."

"सगळ्यांनाच ऐकू येतो तो."

"मी सगळे नाही."

"मग गिअरमध्ये का नाही ठेवलीस?"

"तुम्हीच सांगितलंत, ठेवू नको म्हणून."

सांगितलं होतं, पण वेगळ्या कारणासाठी. गाडी गिअरमध्ये आहे हे विसरून मी एकदा किल्ली फिरवली आणि समोरच्या भिंतीला टेकलो. त्याचा इथे काही संबंध नाही.

शेजारच्या बाई तेव्हा फाटकापाशी झाडांना पाणी घालत होत्या. फोन वाजला म्हणून आत गेल्या, तेवढ्यात गाडी आली. फोन वाजला नसता तर काय, हे वाक्य बायकोने काल सातआठ वेळा तरी म्हटलं. मी म्हणालो, तेच तर सांगतोय.

बुधवार, ५ मार्च

वेल्डरला घेऊन बाईंकडे गेलो. फाटकाची एक बाजू पार वाकली आहे. बाई शाळेत गणित शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. रागावलेल्या दिसल्या नाहीत, उलट मलाच खुर्ची दिली.

"तुमची बायको कशी आहे? फार घाबरली होती."

"घाबरायलाच हवं. हँडब्रेक विसरली."

"विसरली?" बाईंनी चष्मा वर केला. "ती उतरली, पिशव्या काढल्या, माझ्या गुडघ्याची चौकशी केली, मग आत गेली. त्यानंतर मी चार कुंड्यांना पाणी घातलं. चांगली दहा मिनिटं झाली, साहेब."

"बरं, मग?"

"मग काही नाही. दहा मिनिटं गाडी उभी होती, एवढंच म्हणते."

निवृत्त माणसांना मिनिटं मोजायचा नाद असतो. मी वेल्डरला माप घ्यायला सांगितलं.

ऑफिसात जेवताना हा किस्सा सांगितला. सगळे पोट धरून हसले. आमचा कॅशियर म्हणाला, "वहिनींचा दावा तुमच्याच टेबलावर येऊ दे." मी म्हणालो, "आला आणि नामंजूरही झाला."

शुक्रवार, ७ मार्च

चार दिवस ती बसने जातेय. ती दवाखान्याची फिरती नर्स. पेशंटच्या घरी जाऊन जखमा धुणं, पट्ट्या बदलणं, इंजेक्शनं देणं. अकरा वर्षं हेच काम. गाडीने दिवसाला नऊ घरं व्हायची, बसने पाच होतात. आज संध्याकाळी बूट न काढताच सोफ्यावर बसून राहिली. मी म्हणालो, चालव की गाडी, कोणी अडवलंय? फक्त हँडब्रेक ओढत जा. अलीकडे ती उत्तर देत नाही, हा नवीनच प्रकार.

त्यात मेव्हण्याचा फोन.

"भाऊजी, गाडी एकदा गॅरेजला दाखवून घ्या ना. ताई म्हणत होती, मागून घासल्यासारखा आवाज येतो."

"तुझ्या ताईला पाच महिने आवाज येतोय. रेडिओ लावला की येत नाही."

"तरीपण, ब्रेकचं काम आहे..."

"मागच्या ब्रेकचे पॅड ऑक्टोबरात मी स्वतः बदललेत. या दोन हातांनी."

"हो, म्हणूनच म्हटलं," तो म्हणाला आणि मग एकदम "म्हणजे तसं नाही" वगैरे करत बसला.

कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या माणसाने मला ब्रेक शिकवायचे! रक्त उसळलं. ठरवलं : मागचे पॅड पुन्हा बदलायचे. जुने चांगले असणारच, तरी बदलायचे. आणि ते काढलेले जुने पॅड तिच्यासमोर आणि तिच्या भावासमोर टेबलावर ठेवायचे. बघा म्हणावं, कशात खोट आहे ते. येताना नवा संच घेऊनच आलो.

शनिवार, ८ मार्च

उजवं मागचं चाक झालं. पुढच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक सोडला, गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड दिला. नट ढिले करताना पाना सटकला आणि बोटाची सालं निघाली. त्या पान्याला मी जे बोललो ते बाईंनी कुंपणापलीकडून ऐकलं असावं, कारण त्यांच्या खिडकीचा आवाज झाला.

पॅडला ढकलणारा मागचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही. तो फिरवत फिरवत आत घ्यावा लागतो. हे माहीत नसलेली माणसं शिकंजा लावून दाबत बसतात आणि ब्रेकच्या कॅलिपरची वाट लावतात. मला माहीत आहे. मी नीट फिरवला.

जुने पॅड जसे असावेत तसेच होते. निम्म्याहून जास्त शिल्लक, दोन्ही सारखे झिजलेले. वर्तमानपत्रावर ठेवून आत नेले. ती पोळ्या लाटत होती.

"हे बघ. झिजलेत का? सांग."

"नाही दिसत."

"मग ब्रेक कशाने लागला नाही?"

ती बराच वेळ त्या पॅडकडे बघत राहिली. तव्यावरची पोळी करपली. मग म्हणाली, "नसेलही ओढला मी. पिशव्या होत्या हातात. आता मला काहीच नक्की सांगता येत नाही."

"हेच सोमवारी म्हणाली असतीस तर?"

"हं," ती म्हणाली आणि करपलेली पोळी स्वतःच्या ताटात घेतली.

पाच दिवसांनी का होईना, मान्य केलं. मेव्हण्याला फोन करून सांगितलं. वाटलं होतं तेवढं बरं मात्र वाटलं नाही. बोट ठणकतंय म्हणून असेल. डावं चाक उद्या.

रविवार, ९ मार्च, दुपार

डावं चाक काढलं.

आतला पॅड उलटा आहे.

पॅडला एका बाजूने काळा मसाला असतो, दुसऱ्या बाजूने लोखंडी पत्रा. मसाल्याची बाजू चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्ककडे हवी. इथे मसाला पिस्टनकडे आहे आणि पत्रा डिस्ककडे. मसाला कोरा करकरीत, त्यावर फक्त पिस्टनचा गोल ठसा. पत्रा घासून आरशासारखा झालाय. डिस्कच्या आतल्या अंगावर नखात अडकतील एवढ्या खोल रेघा. लोखंडावर लोखंड, पाच महिने. हँडब्रेक मागच्या पॅडवरच चालतो. सपाटीला एकट्या उजव्या चाकावर भागत असेल. आमच्या उतारावर थोडा वेळ धरेल. दहा मिनिटं धरेल.

आधी वाटलं, दुकानदाराने चुकीचा संच दिला. चारही पॅड शेजारी ठेवून पाहिले. संच बरोबर आहे. मग वाटलं, मधे कोणीतरी उघडलं असेल. कोणी? गाडी माझ्याशिवाय कोणाच्या हातात गेलेली नाही. मेव्हण्याने मला तोंडघशी पाडायला मुद्दाम केलं असेल, इथपर्यंत मनात येऊन गेलं. त्याला बॉनेट उघडता येत नाही.

कपाटातून गेल्या वर्षीची वही काढली. मी रोज नाही, पण कामाचं सगळं लिहितो. जसंच्या तसं उतरवतो :

'रविवार, १३ ऑक्टोबर. मागचे ब्रेक पॅड स्वतः बदलले. दोन तास दहा मिनिटं. शेवटच्या पॅडला उजेड कमी पडला, हिला टॉर्च धरायला बसवलं. हिची टकळी सतत चालू. म्हणे बाकीच्या तिन्हींची काळी बाजू चकतीकडे होती, याची उलटी का? म्हटलं, तू टॉर्च सरळ धर. काम फक्कड झालं.'

अक्षर माझंच आहे. सुवाच्य.

डिस्क बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढता येणार नाही. चाक तसंच ठेवून वर ताडपत्री टाकली. तिने विचारलं, झालं का? म्हटलं, एक भाग मिळत नाहीये. तो उलटा पॅड जुन्या मोज्यात घालून हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवला. मोज्यात का, ते मला सांगता येणार नाही.

तिला सांगायचं नाही असं मी ठरवलेलं नाही. आधी काम पूर्ण होऊ दे. अर्धवट माहितीवर बोलण्यात अर्थ नसतो.

सोमवार, १० मार्च

डिस्कची जोडी आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, "एवढ्यात डिस्क कशी काय गेली साहेब?"

"बायको चालवते."

तो हसला. मीही हसलो. बाहेर येऊन स्कूटर सुरू होईना, तिला दोन लाथा घातल्या.

ऑफिसात आज नेमका तोच अर्ज. एक शिंपी, उतारावर टेम्पो, 'हँडब्रेक ओढला होता.' लाल पेन उघडलं आणि अर्ज तसाच खालच्या खणात टाकला. कॅशियरने विचारलं, वहिनी काय म्हणतात? मी त्याला म्हणालो, तू तुझं काम कर. सगळे माझ्याकडे बघायला लागले. यात बघण्यासारखं काय होतं?

घरी आलो तर ती टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होती. बदलीचा अर्ज. फिरतीचं काम सोडून वॉर्डात द्या म्हणून.

"काय गरज आहे?" मी म्हणालो.

"मला स्वतःची खात्री वाटत नाही. आज इंजेक्शन भरलं आणि तीनदा बाटली वाचली. मग वाटलं, तिसऱ्यांदाही चुकीचं वाचलं असेल तर?"

"ते आणि गाडी वेगळं."

"हात तोच आहे ना," ती म्हणाली. "मला तो हात ओढताना आठवतोय हो. अगदी स्पष्ट. आणि तो ओढलाच नव्हता. मग आणखी काय काय असं आठवत असेल मला?"

तिच्याकडे एक म्हातारे सुतार आहेत, पायाला जुनी जखम. दुसऱ्या कोणाला पट्टीला हात लावू देत नाहीत. त्यांना काय सांगायचं, हे ती मला विचारत होती. मी म्हणालो, घाईने काही देऊ नकोस. बुधवारी सकाळी देणार म्हणाली.

मी अंगणात जाऊन डिस्क बसवल्या, दोन्ही बाजूंच्या. डावीकडचे नवे पॅड चार वेळा तपासले. नंतर पायाने ब्रेक दाबत राहिलो, पेडल कडक होईपर्यंत आणि त्यानंतरही.

मंगळवार, ११ मार्च

सांगणार होतो. तिचं डोकं दुखत होतं.

शिवाय मला एक कळत नाही. फाटक दुरुस्त झालंय, कोणाला खरचटलंही नाही, ब्रेक आता पक्के आहेत. सांगून नेमकं काय सुधारणार? आणि तिने तरी पाच महिने नुसतं 'आवाज येतो, आवाज येतो' का करावं? ठणकावून सांगायचं. गॅरेजला न्यायची. तिला कोणी बांधून ठेवलं होतं?

बुधवार, १२ मार्च

सांगितलं. मी स्वतःहून सांगितलं, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण हा मुद्दा तिने लक्षातच घेतला नाही.

सकाळी सात वाजता ती डबा भरत होती. अर्ज पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात, अर्धा वर आलेला. मी पेटीतून मोजा आणला आणि पॅड ओट्यावर ठेवला.

"हा कुठला?"

"डाव्या चाकाचा. आतला. उलटा बसला होता. म्हणजे... मी उलटा बसवला होता. ऑक्टोबरात. त्यामुळे हँडब्रेक धरत नव्हता."

तिने पॅड उचलला. घासलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला. डब्याचं झाकण हातातच होतं.

"म्हणजे मी ओढला होता."

"हो. बहुतेक."

"बहुतेक?"

"ओढला होतास."

मला वाटलं ती रडेल, किंवा ओरडेल. दोन्हींची तयारी होती. तिने विचारलं, "हा काढला कधी तुम्ही?"

"रविवारी."

"आज बुधवार आहे."

"डिस्क आणायची होती. काम अर्धवट होतं."

"सोमवारी मी इथे बसून अर्ज लिहीत होते. तुम्ही त्या खुर्चीत होतात."

"मी म्हटलं होतं ना तुला, घाईने देऊ नकोस."

यावर तिने माझ्याकडे जे पाहिलं तसं बावीस वर्षांत पाहिलेलं नाही. अर्ज काढला, चार तुकडे केले आणि केराच्या बादलीत टाकले. मग म्हणाली, "माझ्या भावाला फोन लावा. माझ्यासमोर. स्पीकरवर."

लावला. सांगितलं. मेव्हणा म्हणाला, "बरं. ताई, तू ठीक आहेस ना?" मला एक शब्द नाही. त्यानंतर बाईंकडे. मी फाटकातून बोलत होतो, ती मागे हाताची घडी घालून उभी. बाई म्हणाल्या, "अहो, मी तर पाच तारखेलाच म्हटलं होतं. दहा मिनिटं. बत्तीस वर्षं वजाबाकी शिकवली मी." वर मलाच विचारतात, चहा घेणार का!

"आणि ऑफिसात," बायको म्हणाली. "तिथेही तुम्ही सांगितलं असणारच."

सांगितलं, जेवताना. कोणीही हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. त्या शिंप्याचा अर्ज खणातून काढला आणि तपासनिसाकडे गाडी उघडून बघायला पाठवला. हे घरी सांगितलेलं नाही. उगाच कौतुक करून घेतल्यासारखं दिसेल.

शनिवार, १५ मार्च

आज ती गाडी गॅरेजला घेऊन गेली. मी केलेलं काम तपासायला! मी शेजारी बसलो. वाटेत एकही शब्द नाही. आवाजही नाही, गाडी लोण्यासारखी चालत होती. हे मी बोलून दाखवलं नाही.

मिस्त्रीने गाडी वर घेतली, दोन्ही चाकं काढली, आत डोकं घालून पाहिलं. "काम व्यवस्थित आहे मॅडम. कोणी केलं?"

मी वाट बघत होतो.

"या वेळचं ना?" ती म्हणाली. "ह्यांनी."

'या वेळचं.' मिस्त्री शहाणा होता, लगेच चाकांकडे वळला.

तो चाकं बसवत होता तेव्हा आम्ही दोघं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. माझं डोकं तापलं होतं. चूक मान्य केली, चार ठिकाणी नाक घासलं, रात्रीची भांडी पण घासतोय, आणखी काय करायचं माणसाने? एवढ्यात ती समोर बघतच म्हणाली, "एक विचारू? त्या दिवशी, ऑक्टोबरात, मी तुम्हाला काही बोलले होते का? पॅडबद्दल? पुसट आठवतंय. काळी बाजू वगैरे."

मी मिस्त्रीच्या पान्याकडे बघत राहिलो.

"की तेही मी मनानेच रचलंय?"

तिने हे रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी रागानेच उत्तर दिलं असतं. ती खरोखर विचारत होती. उजवा हात मांडीवर उताणा ठेवून, एखाद्या पेशंटचा बघावा तसा त्याच्याकडे बघत विचारत होती.

एक 'नाही' पुरलं असतं. ते कोणालाही कधीही कळलं नसतं. वही माझी, कपाट माझं, किल्ली माझ्याकडे.

"बोलली होतीस," मी म्हणालो. "लिहून ठेवलंय मी."

"कुठे?"

रविवार, १६ मार्च

हे दावा-अर्जाच्या कोऱ्या मागच्या बाजूवर लिहितोय, कारण वही माझ्याजवळ नाही.

काल घरी आल्यावर मी तिला गेल्या वर्षीची वही काढून दिली, १३ ऑक्टोबरच्या पानावर बोट ठेवून. तिने उभ्यानेच वाचलं. दोनदा वाचलं. 'टकळी' या शब्दापाशी नख थांबलेलं मी पाहिलं. मला वाटलं, आता वही मिटेल आणि विषय संपेल. एवढं दिलं मी. कोणता नवरा देतो?

तिने पान उलटलं. मग पुढचं. मग खुर्ची ओढून बसली.

"ते पान तेवढंच आहे," मी म्हणालो.

"हो."

"बाकी खाजगी आहे."

"माझ्याबद्दल आहे ना त्यात?"

तिने चष्मा आणला. संध्याकाळपर्यंत गेलं वर्ष संपलं. मधे एकदा हसली, एकदा उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. कुठल्या पानांवर ते कळायला मार्ग नाही. आज सकाळी चहा झाल्यावर हात पुढे केला. यंदाची वही दिली. ती गेल्या बारा दिवसांची पानंही वाचणार, मोजा, दुकानदार, 'आला आणि नामंजूरही झाला', सगळं. मी काय काय लिहिलंय ते आठवून कानशिलं तापली आहेत. राग नेमका कोणाचा येतोय ते ठरत नाही, पण येतोय.

मग तिने कपाटाची किल्ली मागितली. आत आणखी नऊ वह्या आहेत.

"आता काय हवंय त्यात तुला?" मी जवळजवळ ओरडलोच. "एक चूक झाली, सांगितली!"

"ओरडू नका," ती म्हणाली. "मला फक्त बघायचंय, आणखी कुठे कुठे मी बरोबर होते ते."